काटेरी तारेशेजारचे मैदान

आयर्लंडमध्ये पाहुणा धर्मगुरू म्हणून गेलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी एक धडा मिळतो. प्रवचन किती मिनिटांचे असावे, हे तेथे उपासनाविधीच्या पुस्तकावरून ठरत नाही. दुपारचा सामना किती वाजता आहे, यावरून ठरते. २०२४ च्या जुलै महिन्यात आर्मा महाधर्मप्रांतातील सीमेलगतच्या एका खेड्यात मी पहिली मिस्सा अर्पण केली, तेव्हा सेमिनरीत शिकविल्याप्रमाणे तीन मुद्द्यांचे प्रवचन तयार करून नेले होते. दुसरा मुद्दा संपण्यापूर्वीच मागच्या बाकांवरील पुरुष मंडळी मनगटावरील घड्याळे पाहू लागली. मिस्सेनंतर मी वस्त्रे उतरवीत असताना तेथील वृद्ध सॅक्रिस्टन अत्यंत अदबीने म्हणाले, “फादर, आज दुपारी पोरांचा सामना आहे. तिसरा मुद्दा आम्ही समजून घेतला असता.”

तेथील प्रमुख धर्मगुरू शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत होते व दोन महिन्यांसाठी त्यांच्या जागी कोणीतरी हवे होते. वसईच्या किनाऱ्यावर वाढलेला, गोरेगावच्या सेमिनरीत घडलेला, पन्नाशी ओलांडलेला मी अशा रीतीने एका पावसाळ्यातून उठून दुसऱ्या पावसाळ्यात जाऊन पडलो. तिकडे मात्र त्याला उन्हाळा म्हणतात.

सॅक्रिस्टन ऐंशीच्या घरातले. आयुष्यभर बस चालविलेली. ते जन्माने शेजारच्या क्रॉसमग्लेन गावचे. लग्नानंतर या खेड्यात येऊन स्थायिक झाले, त्यालाही पन्नास वर्षे होऊन गेलेली. तरीही त्यांच्या मोटारीच्या मागच्या काचेत काळ्या-पिवळ्या रंगाचा गळपट्टा अंथरलेला असे. हे रंग क्रॉसमग्लेन रेंजर्स या क्लबचे. मी त्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “लग्न करून माणसाला धर्मग्राम बदलता येतो, फादर. क्लब बदलता येत नाही.” आणि पुढच्या मंगळवारी, माझी संमती गृहीत धरून, ते मला क्रॉसमग्लेनला घेऊन गेले.

हा क्लब गेलिक फुटबॉलचा. आपल्याकडे हा खेळ कोणी पाहिलेला नसल्यामुळे थोडे सांगणे आवश्यक आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पण तो घेऊन चार पावलांहून अधिक धावता येत नाही; मग तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावर टाकून पुन्हा हातात उडवावा लागतो. हे चवड्याचे काम पाहताना सोपे वाटते. मी अंगणात करून पाहिले आणि चेंडू शेजारणीच्या गुलाबांत गेला. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे. आडव्या दांडीखालून, जाळ्यात चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला की एक गुण. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा फटक्याला दोन गुण देऊ लागले आहेत. खांबांपाशी पांढरे लांब कोट घातलेले पंच उभे असतात. गुण झाला की पांढरा झेंडा आणि गोल झाला की हिरवा झेंडा फडकवितात. ते कोट पाहून मला प्रथम दवाखान्यातील कंपाउंडरांची आठवण झाली.

या खेळात पैसा नाही, ही गोष्ट मला अखेरपर्यंत नीटशी पटत नव्हती. ब्याऐंशी हजार माणसे मावतील एवढे डब्लिनचे क्रोक पार्क भरून वाहत असते, आणि मैदानावरचा खेळाडू सोमवारी सकाळी पुन्हा शाळेत शिकवावयास, नळ दुरुस्त करावयास किंवा गायींचे दूध काढावयास जातो. क्लबची बांधणी बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाच्या सीमेवर झालेली आहे. ज्या बाप्तिस्माकुंडावर नाव पडले, साधारणतः त्याच भूमीसाठी खेळावयाचे. धर्मग्राम या शब्दाला एवढे दणकट हाड असू शकते, हे मी सेमिनरीतील चर्चच्या कायद्याच्या तासांना ऐकले नव्हते.

या संघटनेचा जन्मही आपल्या धर्मबांधवांना विचार करावयास लावील असा आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी, सकल संतांच्या सणाच्या दिवशी, टिपररी काउंटीतील थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात मोजकी माणसे जमली. मायकल क्युसॅक नावाचा एक तापट स्वभावाचा शिक्षक त्यांचा पुढारी होता. परक्या सत्तेखाली देशी खेळ मरत चालले आहेत, ते जगविले पाहिजेत, हा हेतू. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक यांना आश्रयदाते होण्याची विनंती केली गेली व त्यांनी ती एका प्रसिद्ध पत्राने स्वीकारली. इंग्लंडहून आलेल्या कापडाबरोबर आणि चालीरीतींबरोबर आपण त्यांचे खेळही आयात करीत आहोत, अशी खंत त्यांनी त्यात व्यक्त केली व त्या परक्या खेळांत क्रिकेटचाही उल्लेख केला. आमच्या गावचे क्रिकेटवेडे तरुण हे वाचून आर्चबिशप महोदयांवर रुष्ट होतील, याची मला कल्पना आहे. क्युसॅकने स्वतः तरुणपणी क्रिकेट खेळले होते, एवढे त्यांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

क्रोक पार्क हे नाव याच आर्चबिशपांचे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी तेथे सामना चालू असताना सरकारी सशस्त्र दलांनी गोळीबार केला, त्यात चौदा जणांचा अंत झाला. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. त्याच दिवशी सकाळी शहरात क्रांतिकारकांनी इंग्रजांच्या गुप्तहेर खात्याशी संबंधित माणसांना घरांत शिरून गोळ्या घातल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. त्या बेटाच्या इतिहासात एकच गोष्ट सांगून थांबता येत नाही. प्रत्येक गोष्टीला आदल्या सकाळची दुसरी गोष्ट चिकटलेली असते.

क्रॉसमग्लेन रेंजर्सची स्थापना १८८७ ची. मूळ संघटनेनंतर अवघ्या तीन वर्षांनी. गाव लहान, लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. पण गावाच्या मध्यभागी केवढा तरी मोठा चौक आहे. एखाद्या शहराने हरवलेला चौक या खेड्याला सापडावा तसा. पूर्वी तेथे गुरांचे बाजार भरत. सीमा इतकी जवळ की दूध आणावयास गेलेला माणूस नकळत देश ओलांडून येई. मैदान चौकापासून जवळच. फाटकावरील नाव वाचून मी थबकलो: संत ऑलिव्हर प्लंकेट पार्क.

ऑलिव्हर प्लंकेट हे सतराव्या शतकातील आर्माचे आर्चबिशप. कटाचा खोटा आरोप ठेवून १ जुलै १६८१ रोजी त्यांना लंडनमध्ये टायबर्न येथे फासावर चढविण्यात आले. १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे शिर द्रॉहेडा येथील चर्चमध्ये काचेच्या पेटीत जतन करून ठेवले आहे. मी त्याचे दर्शन घेतले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देणाऱ्यांत त्यांच्याच हाताखालचे काही धर्मगुरू होते. धर्मगुरूंच्या मेळाव्यात या संताची गोष्ट सांगताना हा तपशील बहुधा गाळला जातो.

सॅक्रिस्टन मला मैदानाच्या एका कडेला घेऊन गेले आणि म्हणाले, “हे येथे होते.”

हे म्हणजे ब्रिटिश लष्कराचा तळ. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष पेटल्यावर, १९७० च्या दशकाच्या आरंभी, मैदानाला लागून असलेल्या पोलीस ठाण्याचे रूपांतर किल्ल्यासारख्या लष्करी तळात होऊ लागले व मैदानाच्या एका भागाचा ताबा लष्कराने घेतला. पत्र्याच्या उंच भिंती, काटेरी तारांची वेटोळी, टेहळणीचे बुरूज. त्या प्रदेशातील रस्त्यांत सुरुंग पेरलेले असत. म्हणून जवानांची ने-आण आणि त्यांचे अन्नधान्यसुद्धा हेलिकॉप्टरने होई. खेळाडू एखादा उंच चेंडू झेलावयास वर पाहत, तेव्हा चेंडूच्याही वर हेलिकॉप्टर घिरट्या घालीत असे. पोरांचा चेंडू भिंतीपलीकडे गेला तर तो परत येईल याची शाश्वती नसे. “दर मोसमाला चेंडूंचा वेगळा खर्च धरावा लागे,” सॅक्रिस्टन म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. हिशेबनिसाचा कोरडेपणा होता.

क्लबने मैदान सोडले नाही. जमिनीसाठी अर्ज, निवेदने, वाटाघाटी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. शेजारच्या कलीहॅना खेड्यात जन्मलेले टोमास ओ फी हे १९७७ ते १९९० आर्माचे आर्चबिशप होते; १९७९ मध्ये ते कार्डिनल झाले. ते स्वतः इतिहासाचे प्राध्यापक आणि या खेळाचे निस्सीम चाहते. लूर्दच्या यात्रेवर असतानाच १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. मैदान मोकळे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १० एप्रिल १९९८ रोजी, त्या वर्षीच्या शुभ शुक्रवारी, शांतता-करार झाला आणि त्यानंतरच्या काळात ही जमीन टप्प्याटप्प्याने क्लबकडे आली. ३१ जुलै २००७ रोजी लष्कराची अडतीस वर्षांची मोहीम अधिकृतपणे संपली. बुरूज गेले. आज तेथे उभे राहिले तर हिरवे गवत आणि एक साधे पोलीस ठाणे एवढेच दिसते.

येथवर ऐकले की मन सरळ एका बाजूला झुकते. माझेही झुकले होते. पण परतीच्या वाटेवर सॅक्रिस्टन यांनी न सांगता गाडी बेसब्रुककडे वळविली. आगगाडीच्या स्थानकात घुटमळावे तसे ते त्या रस्त्यावर थोडा वेळ घुटमळले. १२ फेब्रुवारी १९९७ रोजी तेथील तपासणी-नाक्यावर स्टीफन रेस्टोरिक हा तेवीस वर्षांचा ब्रिटिश जवान उभा होता. एका स्थानिक महिलेची मोटार थांबवून तिचा वाहन-परवाना तपासून तो परत देत असताना आयआरएच्या नेमबाजाने त्याला दुरून गोळी घातली. तो हसत होता, असे त्या महिलेने नंतर सांगितले. आयआरएच्या हातून शांतता-करारापूर्वी ठार झालेला तो शेवटचा जवान. त्याच्या आईने पुढे शांततेच्या कार्याला वाहून घेतले. क्रॉसमग्लेनच्या चौकात आणि आसपासच्या कुंपणांपाशी असे अनेक तरुण त्या वर्षांत मेले; मँचेस्टरचे, ग्लासगोचे, ज्यांना आर्मा नकाशावर दाखविता आले नसते.

“त्याला गोळी लागली आणि तेहेतीस दिवसांनी आम्ही क्रोक पार्कवर नाचत होतो,” सॅक्रिस्टन म्हणाले. मी काही बोललो नाही. ते कबुलीजबाबाच्या सुरात बोलत होते, आणि अशा वेळी धर्मगुरूने काय करावे हे पस्तीस वर्षांपूर्वी शिकलो असलो, तरी मोटारीत शेजारी बसून ते कसे करावे हे कोणी शिकविले नव्हते.

१७ मार्च १९९७. क्लबांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना तेव्हा संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी होत असे. मेयो काउंटीच्या नॉकमोर क्लबला क्रॉसमग्लेनने दोन गोल व तेरा गुण विरुद्ध अकरा गुण असे हरविले. प्रशिक्षक जो कर्नन, गावचाच माणूस. १९९९ मध्ये बॅलिनाविरुद्ध नऊ गुण विरुद्ध आठ, असा श्वास रोखणारा विजय. २००० मध्ये डब्लिनच्या ना फीना क्लबविरुद्ध तिसरा. पुढे २००७, २०११ आणि २०१२ मध्येही हा चषक दीड हजार वस्तीच्या गावात आला. सहा चषक. आर्मा काउंटीचे अजिंक्यपद त्यांनी १९९६ पासून २००८ पर्यंत सलग तेरा वर्षे कोणाला मिळू दिले नाही. २००९ मध्ये आर्मा शहरातील एका क्लबने ही साखळी तोडली, तेव्हा काउंटीतील बाकीच्या सर्व गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, असे मला त्या बाकीच्या गावांपैकी एकाच्या व्हिकरने सांगितले.

क्लबचा गौरव लिहिताना संघटनेच्या नियम क्रमांक २१ विषयी मौन पाळणे योग्य नव्हे. या नियमानुसार ब्रिटिश लष्करातील व उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलातील व्यक्तींना सभासद होता येत नसे. १९९८ मध्ये तो रद्द करण्याचा प्रश्न आला व पुढे ढकलला गेला. क्रॉसमग्लेनच्या मैदानावर लष्कर बसलेले असताना तो कसा रद्द करावा, हा त्या वेळच्या युक्तिवादांतील एक होता. नोव्हेंबर २००१ मध्ये तो अखेर गेला. तेव्हाही उत्तरेतील सहा काउंट्यांपैकी केवळ डाउनने बदलाच्या बाजूने मत दिले. आपल्यावर तार बांधली गेली म्हणून आपणही एक तार बांधून ठेवावी, ही माणसाची फार जुनी रीत आहे. ज्याच्या नावाचा चषक मिळावा म्हणून प्रत्येक काउंटी तळमळते, तो सॅम मॅग्वायर स्वतः प्रॉटेस्टंट होता. आणि देशाचे पहिले राष्ट्रपती डग्लस हाइड, तेही प्रॉटेस्टंट, संघटनेचे आश्रयदाते असताना केवळ एक सॉकरचा सामना पाहिला म्हणून १९३८ मध्ये त्या स्थानावरून दूर केले गेले. परक्या खेळांवरील ती बंदी १९७१ मध्ये उठली.

आता मला माझ्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. खरे तर हा लेख मी त्यासाठीच लिहावयास घेतला आणि सात-आठ पाने क्रॉसमग्लेनच्या आड लपून काढली.

माझी गुरुदीक्षा झाल्यावर दोन वर्षांनी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. चर्चला लागून मोठे पटांगण होते आणि गावच्या पोरांचा फुटबॉल संघ त्यावर खेळत असे. त्यांचे वडील त्यावर खेळले होते, आजोबांनीही लुंग्या खोचून त्यावर धूळ उडविली होती. रविवारी दुपारी धर्मशिक्षणाचा वर्ग आणि सायंकाळी साक्रामेंताचा आशीर्वाद असे. नेमकी तीच वेळ पोरांच्या सामन्यांची. सेमिनरीतून मी नव्या चाकूसारखा बाहेर पडलो होतो. दोनदा समज दिली. तिसऱ्या रविवारी चेंडू सॅक्रिस्टीच्या खिडकीची काच फोडून आत आला. प्रमुख धर्मगुरू गावी गेले होते. मी सोमवारी माणसे बोलावून पटांगणाला काटेरी तार घातली आणि फाटकाला कुलूप लावले.

कोणी भांडले नाही. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षे माझ्या बाजूची म्हणून सांगत असे. पोरे काही दिवस भात कापलेल्या शेतात खेळली. मग त्या शेतावर इमारत आली. दोन वर्षांत संघ उरला नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातील संख्या वाढली काय? पहिल्या महिन्यात वाढली. मग ती होती त्याहूनही खाली गेली. मी बदली होऊन निघालो, तेव्हा पटांगणावर लग्नांच्या मोटारी उभ्या राहू लागल्या होत्या व धर्मग्रामाला त्यापासून बऱ्यापैकी उत्पन्न मिळत होते.

क्रॉसमग्लेनच्या मैदानावर उभा असताना मला लष्कराची तार आठवली नाही, माझी आठवली. सॅक्रिस्टन यांना मी हे सांगितले नाही. त्यांनी मला एवढे सांगितले, तरी मी नाही.

आयर्लंडमधील चर्चविषयी वाचकांनी बरेच वाचले असेल. धर्मसंस्थांच्या शाळांत व निवासगृहांत मुलांवर झालेल्या अत्याचारांचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांच्या मनातले काहीतरी कायमचे मोडले. विसाव्या शतकाच्या मध्यास अंतिम सामन्यापूर्वी हजारो कंठ भक्तिगीत गात आणि बिशप महोदय मैदानात चेंडू टाकून खेळ सुरू करीत. आता ती प्रथा राहिली नाही. माझ्या मिस्सेला रविवारी साठ-सत्तर माणसे असत, त्यांत चाळिशीच्या आतील थोडी. त्याच दिवशी दुपारी क्लबच्या मैदानावर पाचव्या वर्षापासूनची मुले-मुली, त्यांचे आईबाप, आज्या, चहाचे थर्मास, पावसात भिजणारे कुत्रे. कोणी आजारी पडले तर डबा पोहोचविणे, मयत झाली तर रस्त्यावर मोटारी लावावयास उभे राहणे, हे सारे क्लबची माणसे करीत. मला हेवा वाटला, हे कबूल करतो. आणि हेव्याच्या तळाशी एक प्रश्न होता, तो मी रात्री जपमाळ संपल्यावरही बाजूला ठेवू शकत नव्हतो.

त्या दोन महिन्यांत ज्या खेळाडूचे नाव मी सर्वांत जास्त ऐकले, तो ओशीन मॅकॉन्व्हिल. क्रॉसमग्लेनच्या पहिल्या विजयापासूनचा. २२ सप्टेंबर २००२ रोजी आर्मा काउंटी केरीविरुद्ध अखिल आयर्लंड अंतिम सामना खेळत होती. आर्माने हा चषक तोवर कधीच जिंकला नव्हता. १९५३ मध्ये याच केरीविरुद्ध अंतिम सामन्यात आर्माने पेनल्टी वाया घालविली होती, ती सल तीन पिढ्या जपलेली. आणि पहिल्या अर्धात मॅकॉन्व्हिलनेही पेनल्टी गमावली. मध्यंतरात प्रशिक्षक जो कर्नन यांनी १९७७ च्या अंतिम सामन्यात हरल्यावर आपल्याला मिळालेली स्मृतिपट्टिका खेळाडूंपुढे धरली आणि भिंतीवर आपटून फोडली. दुसऱ्या अर्धात मॅकॉन्व्हिलने गोल केला. आर्मा एका गुणाने जिंकले.

हा प्रसंग तेथील शाळकरी पोरही सांगते. पण पुढचे सॅक्रिस्टन यांनी सांगितले. हा माणूस त्या साऱ्या वर्षांत जुगाराच्या व्यसनात बुडालेला होता. लाखो डोळे ज्याच्यावर खिळलेले, त्याच्या घरात काय चालले आहे हे कोणाला दिसत नव्हते. नंतर त्याने उपचार घेतले, २००७ मध्ये आपल्या आत्मचरित्रात सारे उघड लिहिले, आणि पुढे अशाच व्यसनात सापडलेल्यांचा समुपदेशक झाला. क्लबने त्याला टाकले नाही. तो खेळत राहिला. सॅक्रिस्टन म्हणाले, “त्या पुस्तकानंतर आमच्या गावातली दोन-तीन माणसे मदत मागावयास पुढे आली. कबुलीजबाबाच्या खुर्चीत ती कधी आली नव्हती, फादर.” मग त्यांना वाटले की आपण अधिक बोललो, आणि त्यांनी मला चहा हवा काय म्हणून विचारले.

२८ जुलै २०२४ चा रविवार. आर्मा दुसऱ्यांदा अजिंक्यपदाच्या दारात, समोर गॉलवे. त्या सकाळी मी एकाच मुद्द्याचे प्रवचन केले आणि सहा मिनिटांत आटोपले; मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच टाळी वाजविली. दुपारी धर्मगुरूनिवासाच्या दिवाणखान्यात दूरदर्शन-संचापुढे आम्ही चौदा जण. आर्माचा प्रशिक्षक किअरन मॅकगिनी. २००२ च्या विजयी संघाचा कर्णधार तोच. आणि २००० मध्ये क्रॉसमग्लेनने ज्या ना फीनाला हरविले, त्या संघातही तोच खेळत होता. आघाडीच्या फळीत क्रॉसमग्लेनचा रिअन ओनील. एक गोल व अकरा गुण विरुद्ध तेरा गुण. हिशेब करा, वाचकहो: चौदा विरुद्ध तेरा. पुन्हा एका गुणाने. सॅक्रिस्टन उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या रात्री रस्त्यांवर शेतांतील जुने टायर आणि लाकडे पेटवून होळ्या केल्या होत्या, आणि मला क्षणभर आपल्या गावचा शिमगा आठवला.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक चेंडू दिला. गेलिक फुटबॉलचा, पांढरा, थोडा वापरलेला. सामानात मावावा म्हणून त्यातली हवा काढून दिली.

तो चेंडू परत आल्यावर चार महिने माझ्या कपाटात कॅसकच्या शेजारी पडून होता. शेवटी जानेवारीत, त्या जुन्या धर्मग्रामाचा सण होता, तेव्हा मी तो पिशवीत घालून नेला. मिस्सेनंतर त्या काळच्या संघाचा कर्णधार भेटला. आता पंचेचाळिशीचा, रोज पहाटे दादरच्या बाजारात फुले नेतो. बरोबर त्याची मुलगी होती, महाविद्यालयाच्या संघातून फुटबॉल खेळणारी. आम्ही तिघे पटांगणावर उभ्या असलेल्या मोटारींच्या मधून चालत फाटकापर्यंत गेलो. तार गंजून गेली होती, खांब मात्र तसेच.

मी म्हणालो, “हे मी केले होते. चुकीचे केले.”

तो खांबावरचा गंज नखाने खरवडीत राहिला. मग म्हणाला, “पुढच्या रविवारी आमचा तालुक्याचा अंतिम सामना होता, फादर. इथंच. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं ना?”

पंचवीस वर्षांत त्याने माझ्यासाठी हे उत्तर स्वतःच तयार करून ठेवले होते. मला फक्त मान हलवावयाची होती.

“ठाऊक होते,” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मुलीने पिशवीतून चेंडू बाहेर काढला होता. तिने तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला, उलटसुलट फिरविला, शिवणींमधले भोक शोधले आणि विचारले, “फादर, याला हवा भरायची पिन साधीच चालते का वेगळी लागते?”